टोपाखालची पाटी

प्रिय मृणाल,

‘प्रिय’ लिहून थांबलो होतो. खोडावं की ठेवावं ते ठरेना. मग म्हटलं राहू दे, गिऱ्हाइकाशी भांडायचं असलं तरी आपण आधी ‘या, बसा’ म्हणतोच. फोन करता आला असता, अनिशने नंबर दिला असता. पण फोनवर तू बोलायला लागलीस की मी ऐकत बसतो. हा माझा जुना रोग आहे, आणि या वेळी मला बोलायचंय. म्हणून कागद. कागदावर तुला मध्ये ‘अरे, पण गंगाधर’ म्हणता येत नाही.

कामाचं आधी सांगतो. तुझ्या तात्यांच्या बंगल्याला तुम्ही आता स्मृतिघर म्हणता. तिथे खालच्या मोठ्या खोलीत काचेच्या पेटीत एक पितळी टोप ठेवलाय आणि त्याखाली एक पाटी आहे. ती पाटी बदलायची आहे, येत्या रविवारच्या आत. टोप माझ्या आईचा आहे आणि पाटीवर लिहिलंय ते खोटं आहे. तू ट्रस्टची अध्यक्ष. पुण्यात बसून तू एक शब्द टाकलास तरी काम होईल. रविवारचीच घाई का, ते पुढे येईलच. तू वाचत राहा. तुझी सवय मला माहीत आहे, पत्राचा शेवट तू आधी वाचतेस. या वेळी तसं करू नकोस.

मी तिथे पोचलो कसा, तर जेवणाच्या ऑर्डरने. तुझा भाचा अनिश, गोड मुलगा, उद्घाटनाच्या जेवणासाठी केटरर शोधत शोधत माझ्या ऑफिसात आला. त्याला मी कोण हे ठाऊक नव्हतं. “काका, गिरणगावचं अस्सल जेवण पाहिजे. एकदम ऑथेंटिक.” म्हटलं, देतो की. बोंबलाचं कालवण, सुकट, तांदळाची भाकरी. तर म्हणतो, “ऑथेंटिकच, पण व्हेज.” मी हसू गिळलं. आमच्या आईच्या खानावळीत व्हेज म्हणजे बोंबील संपल्यावर ताटात उरायचं ते. पण धंदा हा धंदा. काळ्या वाटाण्याची उसळ, आंबोळ्या, कोथिंबीर वडी, सोलकढी असं ठरवून दिलं. मग त्याने पत्ता लिहून दिला आणि मला कळलं कुठलं घर. नाही म्हणता आलं असतं. पण मला ते घर आतून बघायचं होतं. काळाचौकीच्या त्या गल्लीत मी लहानाचा मोठा झालो म्हण, डिलाईल रोडहून दर दोन दिवसांनी तिकडे असायचो, आणि त्या बंगल्याचं पुढचं दार मला फक्त बाहेरून माहीत. उभ्या आयुष्यात त्या दाराने आत गेलो तो परवा, तेही केटरर म्हणून, आणि तेही मागच्या बोळात टेम्पो शिरेना म्हणून.

घर छान केलंय, हे कबूल करतो. लाकडी जिना, वरच्या गॅलरीची कोरीव पट्टी, तात्यांचं दवाखान्याचं टेबल, सगळं जिथल्या तिथे. भिंतीवर गल्लीतल्या लोकांच्या आठवणी लिहून लावल्यात आणि ती माणसं पण बोलावली होती. आमच्या धंद्यात एक सोय असते बघ. वाढणाऱ्याला कान असतात हे जेवणारा विसरतो. मी सोलकढीच्या भांड्यामागे उभा होतो आणि सगळं ऐकत होतो. पलीकडच्या चाळीतले एक आजोबा सांगत होते, “गल्लीतला पहिला टीव्ही तात्यांकडे. रविवारी सिनेमा असला की आम्ही सगळी पोरं खिडकीला लटकलेली. पण कधी हाकललं नाही हो त्यांनी!” त्यांच्या शेजारच्या बाई म्हणाल्या, “आणि सुनेत्राकाकूंचा चिवडा! पुडी बांधून गॅलरीतून अशी खाली सोडायच्या, आणि आम्ही झेलायचो. किती माया!” तिसरा एकजण तात्यांच्या लाल औषधाचं सांगत होता, की पैसे नसले तरी बाटली भरून मिळायची. ते खरं आहे. तात्यांचं ते औषध मी पण प्यायलोय आणि त्याचे पैसे त्यांनी माझ्या बापाकडे कधी मागितले नाहीत. मी तात्यांना नावं ठेवायला बसलेलो नाही. पण मृणाल, मी शेवटचं ताट जाईपर्यंत कान देऊन उभा होतो. इतक्या आठवणींत एकही अशी नव्हती जी घराच्या आतून आलीय. खिडकीतून, गॅलरीखालून, दवाखान्याच्या बाकड्यावरून, मागच्या अंगणातून. आणि सगळी माणसं डोळ्यांत पाणी आणून सांगत होती. आपल्या लोकांना एवढ्याशाचेही उपकार वाटतात.

तेवढ्यात तुमची ती अपेक्षा आली. लोकांना घर फिरवून दाखवते ती, चष्मेवाली, हसरी. माझ्या पोरांच्या एप्रनवर ‘बकुळा केटरर्स’ लिहिलेलं असतं. ते वाचून ती टाळी वाजवायचीच बाकी राहिली. “काका, तुमचं नाव बकुळा? म्हणजे कंपनीचं? किती गोड योगायोग! आमच्या टोपावर पण बकुळाच आहे. या ना, दाखवते.” मी सोलकढीचा डाव पोराच्या हातात दिला आणि तिच्यामागे गेलो. पेटीत टोप होता. दिवा वरून असा सोडलेला की काठ सोन्यासारखा दिसावा. काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं होतं, ‘सौ. बकुळा बु’. बस, तेवढंच. नवीन भांडं घेतलं की त्यावर नाव घालून घ्यायचं, हे आपल्याकडे सगळेच करतात. बाबांनी टोप घेतला त्या दिवशी त्यांची दुपारपाळी होती. कारागीर ठोकत बसला, गिरणीचा भोंगा झाला, आणि बाबा म्हणाले, “झालं तेवढं पुरे, पाळी चुकेल.” म्हणून बुधाजीतला ‘बु’ आला, बाकीचा बाप आणि आडनाव राहून गेलं. आई पुढे कितीतरी वर्षं बाबांना टोमणा मारायची, “माझ्या टोपावर नवरा अर्धाच आहे.”

आता पाटी. पाठ झालीय मला. ‘डॉक्टरांच्या कुटुंबातील आप्त बकुळामावशी यांचा टोप. १९८२च्या संपात या अंगणात चाललेल्या अन्नछत्रात, याच टोपात कामगारांसाठी रोज भात शिजत असे.’ अपेक्षा बाजूला उभी राहून सांगत होती, “मावशींचा फोटो मिळाला नाही काका, नाहीतर काय मजा आली असती.” माझ्या पाकिटात आईचा फोटो होता. पाकीट खिशात होतं. मी म्हटलं, “जुन्या बायकांचे फोटो कुठे असायचे, बाळा.” तू म्हणशील, तिथेच का नाही बोललास? तर ज्या घरात आपलं जेवण चाललंय तिथे केटरर वाढून होईपर्यंत तोंड उघडत नाही, आणि वाढून झालं की पाहुणे निघून जातात. शिवाय त्या पोरीला काय बोलायचं? ती संपानंतर वीस वर्षांनी जन्मली असेल. तिला जे सांगितलं ते तिने मनापासून पाठ केलंय.

घरी आलो. आई खिडकीशी लसूण सोलत बसली होती. आमची चाळ पाडून टॉवर झाला, आम्ही वर गेलो, पण लसूण ती अजून खाली बसूनच सोलते. ऐंशी उलटली तिने. दात नाहीत, कान शाबूत, जीभ तर विचारूच नकोस. तिला सांगितलं की आई, बंगल्यात तुझा टोप काचेत ठेवलाय आणि तुला त्यांनी नातेवाईक केलंय. आधी तिला कळेना. कळलं तेव्हा असली हसली! “अगो बाय माझे! मला सुनेत्राबाईची बहीण केली? मग गंग्या, वकील बघ. वाटणी माग. मागचं अंगण तरी माझ्या नावावर होईल.” हसता हसता खोकला लागला, पाणी द्यावं लागलं. माझा मुलगा संघर्ष तिथेच होता. तो पेटला. त्याला फोटो काढून सगळीकडे टाकायचे होते. आईने त्याला एका फटक्यात बसवला. “मेल्या, लोक वडापाव खाता खाता बघतील आणि अंगठ्याने पुढे ढकलतील. माझा टोप काय अंगठ्याने ढकलायचा आहे?”

मग तिचे हात थांबले. “भात लिहिलाय म्हणालास?” तिने विचारलं. “हो.” “माझ्या टोपात?” “हो.” ती लसणाची सालं मांडीवरून गोळा करत राहिली, गोळा करून झाली तरी करत राहिली. मग म्हणाली, “नातं लावतायत तर लावू देत. आजी म्हणा, पणजी म्हणा. पण भात नको. तो भात काढायला सांग त्यांना.”

का, ते तुला माहीत आहे. तरी लिहितो. माझे बाबा गेले, तात्या-काकू गेले, कमलमावशी गेली. त्या अंगणात त्या दिवशी जे झालं ते आता आई, मी आणि तू एवढ्यांनाच ठाऊक आहे. गिरण्या बंद पडून काही महिने झाले होते. लोक पोरांना गावाला पाठवत होते, भांडी विकत होते. तात्यांनी अंगण खुलं केलं आणि सांगितलं, खानावळवाल्या बायांनी इथे येऊन शिजवावं, धान्य मी गोळा करतो. तो माणूस त्यासाठी दारोदार फिरला, मी त्यांच्याबरोबर गोणी वाहिल्यात. आई तर हरखून गेली होती. तिच्या खानावळीतले मेंबर, म्हणजे तिच्याकडे जेवणारे लोक, आमच्याच समाजाचे. एवढ्या सगळ्यांसाठी, सगळ्या जातींच्या लोकांसाठी शिजवायचं हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच. टोपाला आतून नवी कल्हई लावून घेतली तिने. मी आणि बाबांनी बांबूला दोर बांधून तो टोप करी रोडच्या पुलावरून काळाचौकीपर्यंत आणला. वाटेत लोक विचारत होते, “बुधाजी, लग्न कुणाचं?” आणि बाबा म्हणत होते, “संपाचं!”

अंगणात चुली मांडल्या होत्या. सगळ्यात मोठा टोप आईचाच. तुझी आई, सुनेत्राकाकू मागच्या गॅलरीत आल्या. आवाज काय गोड त्यांचा! “बकुळा, किती गं मोठा टोप तुझा. बरं झालं आणलास. खरकट्याला अगदी सोयीचा पडेल. भाताला आपण कमलचा घेऊ.” आईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. कमलमावशी पण खानावळवालीच, पण मालवणची मराठा बाई, दांडगी, तिने ऐकलं बरोबर. ती वर बघून म्हणाली, “ओ वहिनी, भुकेल्याला टोप नाय दिसत, भात दिसतो.” काकू म्हणाल्या, “अगं, आम्हाला काही नाही गं. पण लोकांचं बघावं लागतं. उगाच कुणी ताटावरून उठलं तर?” आम्हाला काही नाही. मृणाल, मी पुढे खूप घरांत जेवणं केली, लग्नं, मुंजी, साठीशांत. हे वाक्य मी इतक्या आवाजांत ऐकलंय! कधी ‘स्वयंपाकी कुठले आहेत हो तुमचे’ असं विचारून झाल्यावर, कधी आडनाव कळल्यावर. त्यांना कधीच काही नसतं. असतं ते ‘लोकांना’. आणि ते लोक त्या दिवशी अंगणाच्या बाहेर रांगेत बसले होते, पोटात आग घेऊन. त्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही.

तू पायरीवर बसून पत्रावळी लावत होतीस. तू माझ्याकडे बघितलंस. मग पत्रावळींकडे बघितलंस. तात्या दवाखान्यात होते, त्यांना ऐकू गेलं की नाही देव जाणे. मला वाटलं, आता तू उठशील. तुझ्या कॉलेजात तू असल्या गोष्टींवर केवढी भाषणं करायचीस, मी मागच्या बाकावर बसून ऐकलीत. तू पत्रावळी लावत राहिलीस. एकावर एक, कडा जुळवून.

आणि आईने काम केलं. दिवसभर. कमलच्या टोपात, कमलच्याच डावाने भात शिजला आणि आईच्या नव्या कल्हईच्या टोपात उष्टं पडत राहिलं. संध्याकाळी पंगती उठल्यावर तिने तो टोप स्वतः घासला, राख आणि चिंच लावून, काठाखालच्या ठिपक्यांतसुद्धा बोट घालून. लख्ख केला, भिंतीला उपडा टेकवला आणि पदर खोचून रिकाम्या हातांनी निघाली. कमलमावशी मागून ओरडली, “बकुळे, टोप राहिला गो!” आई वळली नाही. “राहू दे. ज्याचं खरकटं त्याचा टोप.” पुलावरून येताना बाबा तिच्या बाजूने चालत होते. तो टोप म्हणजे खानावळीचा कणा होता. तो गेला तर उद्या काय, हे त्यांनाच जास्त कळत होतं. ते एवढंच म्हणाले, “चला, तुझा संप तरी सुरू झाला. माझा कधी मिटतो बघू.” दुसऱ्या दिवसापासून आई आमच्या खोलीतच लहान टोपात शिजवायला लागली, एक घाणा झाला की दुसरा, दारात येईल त्याला. कमलमावशी तिसऱ्या दिवशी आपला टोप घेऊन तिच्या शेजारी येऊन बसली. लोक जेवले गं त्या हातचं. मराठे जेवले, भंडारी जेवले, उत्तरेकडचे भय्ये जेवले. कुणीही ताटावरून उठलं नाही.

आता तुला कळलं ना, तिला भात का नको आहे? त्या संपात लाखो माणसं उतरली आणि हरली. पण आईने त्यात आपला एक वेगळा संप केला, एकटीने, आणि तो ती आजपर्यंत हरलेली नाही. घरातली सगळ्यात भारी वस्तू तिने टाकून दिली, परत मागितली नाही, त्या गल्लीत पुन्हा पाय ठेवला नाही. तिच्याजवळ दाखवायला दुसरं काय आहे? पुस्तकात तिचं नाव नाही, मोर्चाच्या फोटोत ती नाही. टोप टाकून येणं हीच तिची कमाई. आणि तुमच्या पाटीने तीच पुसली. टाकलेल्या टोपाची तुम्ही देणगी केलीत. जिने नाही म्हटलं तिला तुम्ही मायाळू मावशी करून चुलीपुढे बसवलंत. आधी मागच्या अंगणात ठेवली आणि आता थेट घराण्यात घेतली. मधलं जे दार आहे, तिथे तिला कुणी उभंच करायला तयार नाही.

मी अनिशला फोन केला होता. सगळं नाही सांगितलं, एवढंच की टोप आमचा आहे, बाई माझी आई आहे आणि भाताचं खरं नाही. तो बिचारा घाबरला. मग म्हणाला, “काका, स्टोरी खूप स्ट्राँग आहे, पण पाटीत निगेटिव्ह नको. आपण असं करू, ‘सहकार्य, स्थानिक महिला’ असं टाकू.” मी त्याला रागावलो नाही. म्हटलं, विचार करून सांगतो. केला विचार. तुमच्या घरात माझी आई नातेवाईक होऊ शकते, नाहीतर स्थानिक महिला होऊ शकते. बकुळा तेवढी होऊ शकत नाही. मी व्यापारी माणूस आहे, मधला रस्ता काढण्यात माझं आयुष्य गेलं. या एका ठिकाणी मला मधला रस्ता सापडत नाही.

आपल्या दोघांचं जे होतं त्याबद्दल मी काही लिहीत नाही. त्याची पाटी कुणी लावलेली नाही, तेव्हा ती बदलायचा प्रश्न येत नाही. फक्त एका दुपारचं लिहितो, कारण त्याचा संबंध आहे. त्या दिवसानंतर महिन्याभराने तू आमच्या खोलीवर आलीस. तात्यांना काकूंना न सांगता. दारात उभी राहून रडत होतीस. आई चुलीपुढे होती. तू म्हणालीस, “मावशी, माझ्यावर रागावलात?” तेव्हा सगळी चाळ बघत होती. आईने पाट सरकवला. “जेव आधी.” सुकटीची चटणी आणि भाकरी. तू तीनदा मागून घेतलीस आणि नाक पुसत पुसत खाल्लीस. नंतर तुझं लग्न ठरलं, तू पुण्याला गेलीस, मी गॅसच्या शेगड्या भाड्याने देण्यापासून सुरुवात करून इथवर आलो. पण आईच्या हिशेबी ती दुपार पक्की बसली. तुमच्या घराविषयी ती काहीही बोलते, तू सोडून. तुझं नाव निघालं की म्हणते, “ती पोर येऊन गेली ना. तिला कळलं होतं. तिच्या तोंडून निघालं नाही एवढंच.” मी कधी तिला खोडलं नाही. मला स्वतःला तसंच मानायला आवडायचं.

आता हे पत्र का, ते. रविवारी बंगल्यात गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना बोलावलंय, प्रत्येकाने आपली आठवण सांगायची. अपेक्षानेच आग्रहाने सांगितलं मला, घरात कुणी वडीलधारं असेल तर आणा म्हणून. हे आईच्या कानावर गेलं आणि तिने ठरवलं, जायचं. पांढरी निळ्या काठाची साडी काढून ठेवलीय. माझी नात प्रिती पाटी मोठ्याने वाचणार, आणि मग आई सगळ्यांसमोर सांगणार की त्यात भात शिजला नव्हता. मी म्हटलं, आई, ते लोक विश्वास कसा ठेवतील, तुझ्याकडे पुरावा काय? तर म्हणाली, “पुरावा कशाला? मृणालला बोलाव. ती होती तिथे. ती सांगेल. ती इथे असती तर या पोरांना असलं लिहूच दिलं नसतं.” म्हणून तिच्या सांगण्यावरून हे आमंत्रण. माझ्या आईने तुला साक्षीला बोलावलंय, मृणाल. आणि मी तिला एक गोष्ट सांगितलेली नाही. त्या दिवशी पेटीपाशी मी अपेक्षाला सहज विचारलं, पाटी कुणी लिहिली बाळा? ती कौतुकाने म्हणाली, “मृणालिनी मॅडमनी. व्हिडिओ कॉलवर टोप बघितल्याबरोबर त्यांनी ओळखला. म्हणाल्या, आमच्या बकुळामावशीचा. मी विचारलं, नात्यातल्या का, तर हो म्हणाल्या. आणि भाताचं पण त्यांनीच सांगितलं, त्याची वाफ अजून आठवते म्हणाल्या.” म्हणजे त्या टोपात भात शिजला खरा. तू शिजवलास, पुण्यात बसून, इतक्या वर्षांनी. का, ते मी विचारत नाही. तुला तुझी आई चांगली आठवायची असेल, आणि मला ते समजतं, मला पण एकच आई आहे. फक्त एवढं कर. पाटी बदल आणि मग ये, आणि आईच्या शेजारी उभी राहून खरं काय ते सांग. पाटी तशीच ठेवायची असेल तर येऊ नकोस. मी आईला सांगेन की तुझे गुडघे दुखतात, पुण्याहून प्रवास झेपत नाही, आणि पाटी कुणा नव्या पोराने चुकून लिहिली. तिला पटेल. तुझ्याबद्दल काहीही चांगलं सांगितलं की तिला पटतं.

एके काळी तुझाच होतो,
आता बकुळाबाईंचा मुलगा,
गंगाधर